खेळासाठी प्रेमदेवतेचं मंदिर कसं रचावं

मूर्तीआधी उजेड ठरवा. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन चरणांपासून मुखापर्यंत चढतात. आम्हा कोल्हापूरकरांना हे ठाऊकच. तुमच्या देवीचं तोंडही पश्चिमेला करा आणि नकाशावर समोर उंच घर काढू नका.

मंडपासाठी खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप बघून याच: 48 खांब, मधोमध छताऐवजी गोल आभाळ. खेळाडूंना तिथंच थांबवा, घाई करू नका.

गाभाऱ्यात नटवलेली बाई नको. सायप्रसच्या पॅफोसला ग्रीकांची प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी शंकूसारख्या दगडाच्या रूपात पुजली जायची. तसाच दगड ठेवा, भोवती गुलाब, कबुतरं. सौंदर्य ज्याचं त्यानं कल्पावं, असं मला मनापासून वाटतं. पुजारीण मात्र बोलकी हवी. नवस ऐकण्याआधी तिनं ‘जेवलास काय रं?’ विचारावं.