सोसायटीच्या ग्रुपवर डोकं फिरलं की आधी काय करायचं

रात्री अकराला मेसेज येतो, "काही लोकांना पार्किंगची अक्कल नाही", नाव कुणाचंच नाही, पण आपल्याला वाटतं टोमणा आपल्यालाच आणि अंगठा लगेच टाइप करायला लागतो. थांबा. फोन उलटा ठेवा, पाणी प्या, अगदीच राहवत नसेल तर उत्तर नोट्समध्ये लिहा, ग्रुपमध्ये नाही, कारण व्हॉट्सअॅपवर १५ मिनिटांत मेसेज एडिट करता येतो खरा पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढून मोकळा झालेला असतो.

मग बघा, यातलं मला नक्की माहितीये किती आणि मनानेच जोडलंय किती? खरी मेख इथेच आहे. माहिती एवढीच की कुणाचीतरी गाडी अडकलीये. बाकी सगळं आपलं. कदाचित त्यांच्या घरी कुणी आजारी असेल, हॉस्पिटलला जायची घाई असेल.

सरळ पर्सनलवर विचारा, "काका, काय झालं, माझी गाडी आडवी आलीये का?" मागच्या पावसाळ्यातलं लीकेजचं भांडण मधे आणू नका प्लीज.

आणि समजून घ्यायचं म्हणजे सगळं ऐकून घ्यायचं असं नाही हां, कुणी खरंच घाणेरडं बोललं तर "हे मला आवडलं नाही" सांगायचंच, फक्त सकाळी आणि फोन करून.