टीसीएममध्ये 'नी ची'ची औषधं शिकताना : नवीन येणाऱ्यांसाठी

बीएएमएस झाल्यावर मी चीनमधल्या नानजिंगला टीसीएम, म्हणजे पारंपरिक चिनी वैद्यक, शिकायला आले, आणि हर्ब्सच्या विषयात मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे 'नी ची', म्हणजे उलट्या दिशेने जाणारी ची (त्यांच्या मते शरीरात फिरणारी ऊर्जा). पोटाची आणि फुफ्फुसाची ची खाली जायला हवी, ती वर चढली की ढेकर, उचकी, ओकारी, खोकला, दमा असा त्यांचा हिशोब. आपण ओकारीला उलटीच म्हणतो ना, त्यामुळे आपल्याला हे लगेच कळतं, आणि आयुर्वेदातलं वातानुलोमन (वाताला खालच्या, योग्य दिशेने नेणं) शिकलेल्यांना तर अजूनच, फक्त दोन्ही एकच आहे असं समजू नका.

नवीन मुलं नुसती यादी पाठ करतात. तसं नका करू, आधी बघा कुणाची ची चढलीय, मग थंडीने की उष्णतेने. उचकीचंच घ्या, थंडीची असेल तर लवंग आणि शी दी (पर्सिमनच्या फळावरची वाळलेली टोपी), उष्णतेची असेल तर झू रू, म्हणजे बांबूची हिरवी साल काढून खालचा खरवडलेला थर. मी परीक्षेत तहान, पिवळी जीभ असलेल्या केसला लवंग लिहून आले होते, अजून आठवतं.

माझं लाडकं औषध श्वान फू ह्वा, एक पिवळं फूल. तिकडे म्हणतात सगळी फुलं वर नेतात, हे एकटं खाली आणतं. पण त्यावर बारीक लव असते, म्हणून कापडाच्या पुरचुंडीत बांधूनच उकळायचं, मी पहिल्यांदा तसंच टाकलं आणि चव घेतल्यावर घसा इतका खवखवला की संध्याकाळपर्यंत खोकत होते. लोकाट या फळझाडाच्या पानांचंही तेच. श्वान फू ह्वाच्या जोडीचं दाय झ शी म्हणजे हेमॅटाइटचा दगड, तो कुटून आधी उकळत ठेवायचा, बाकीचं नंतर, आणि गरोदर बाईला देताना फार जपायचं.

हे फूल आणि दगड दोन्ही ज्या काढ्यात येतात तो झांग झोंगजिंग या जुन्या चिनी वैद्याचा, सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा. त्यात माणसं दगडावरच अडकतात, पण दगड फक्त १ ल्यांग (जुनं चिनी वजन) आहे आणि आलं ५ ल्यांग! सोबत जिनसेंग, ज्येष्ठमध, १२ खजुरासारखी लाल बोरं, कारण पोट मुळात अशक्त आहे, नुसतं खाली ढकलून चालत नाही. आणि बान श्या हा कंद, जो कच्चा विषारी असतो, त्याच्या विषाला उतारा म्हणूनही हेच आलं, त्यामुळे आलं कमी करायचा विचारसुद्धा करू नका.