लहान मुलांसोबत पिझ्झा करताय? या चुका टाळा

आमच्या घरचा पहिला पिझ्झा रात्री सव्वादहाला तयार झाला. तोवर तो करायला बाह्या सरसावून बसलेली दोन्ही मुलं बिस्किटं खाऊन झोपली होती. कृती बरोबर होती, प्रमाणही बरोबर होतं. चुकलं ते हे की मोठ्यांसाठी लिहिलेल्या कृतीत आम्ही मुलांना अगदी पहिल्या पायरीपासून ओढलं होतं. नंतर बऱ्याचदा बिघडलेले पिझ्झे खाल्ल्यावर लक्षात आलं की मुलांना कृतीप्रमाणे वागायला लावण्यात अर्थ नाही, कृतीच त्यांच्या बेताने बदलावी लागते.

सगळं एकाच संध्याकाळी करायला घेणं

यीस्ट घातलेलं पीठ फुगायला तास-दीड तास लागतो. चार वर्षांच्या मुलाला "आता थांब" म्हणून इतका वेळ बसवणं कुणालाच जमत नाही. म्हणून पीठ आदल्या रात्री मळून ठेवा. 500 ग्रॅम मैद्याला 310 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा तेल आणि 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. मळून अर्धा तास बाहेर ठेवा, मग झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. डबा पिठाच्या दुप्पट तरी मोठा हवा, नाहीतर सकाळी झाकण वर आलेलं दिसेल. थंडीत पीठ हळूहळू फुगतं, त्याला चवही जास्त येते, आणि दोन-तीन दिवस सहज टिकतं. करायच्या दिवशी तासभर आधी बाहेर काढून सात-आठ गोळे करा. मुलांना हाक मारायची ती इथे. इथून ताटापर्यंत पाऊण तास, तेवढा त्यांचा धीर टिकतो.

मळण्यातही मुलांना घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण पाण्याकडे लक्ष ठेवा. पीठ फुगलंच नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा पाणी फार गरम असतं किंवा यीस्ट जुनं असतं. साधारण 55-60 अंश सेल्सिअसला यीस्ट मरतं. हवं ते 38-40 अंशांच्या आसपासचं कोमट पाणी. बाळाच्या बाटलीतलं दूध मनगटावर थेंब टाकून पाहतो तसंच इथे पाहायचं. यीस्टची शंका असेल तर थोड्या कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर भिजवा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते टाकून द्या.

कच्चं पीठ तोंडात जाऊ देणं

मैदा कोरडा दिसतो म्हणून निर्धोक वाटतो, पण तो कच्चाच असतो. त्यात ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. नुसतं "खाऊ नको" म्हणून भागत नाही, कारण हात आपोआप तोंडाकडे जातो. शेजारी चीजच्या तुकड्यांची वाटी ठेवा, म्हणजे तोंडात टाकायला काहीतरी असेल. पीठ हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, आणि मगच सजावटीला बसायचं.

गोळा पसरत नाही म्हणून जोर लावणं

मूल थापतं, पीठ रबरासारखं परत आत येतं, मूल चिडतं, आपण लाटणं हिसकावून घेतो आणि मधोमध भोक पडतं. पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, ताणलेलं असतं, एवढंच. त्यावर झाकण घालून दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, तेवढ्या वेळात मुलांना चीज किसायला बसवा (किसणीवर बोटं सोलतात म्हणून मोठा तुकडा द्या आणि शेवटचं टोक तुम्ही किसा). नंतर तोच गोळा मुकाट पसरतो. भोक पडलंच तर कडा चिमटीने जुळवा.

दुसरी गंमत कोरड्या पिठाची. भुरभुरवायला मिळालं की मुलं हिमवर्षाव करतात. तो सगळा मैदा ट्रेवर जळून बेसच्या खाली कडवट चव देतो. पिशवी लपवा आणि प्रत्येकाला एका वाटीत एकच चमचा पीठ द्या. त्याहून सोपं म्हणजे हाताला तेल लावून बोटांनी थापू द्या. गोल आकाराचा हट्ट मात्र सोडा. आमच्याकडे एकदा शेपटीसकट डायनासोर भाजला गेला. शेपूट करपली, बाकी उत्तम.

ओला, गिळगिळीत मध्यभाग

मुलांच्या पिझ्झ्याचं हे नेहमीचं दुखणं, आणि त्याची कारणं एकात एक अडकलेली असतात. मूल सजवायला वीस मिनिटं घेतं. तेवढ्यात कच्चं पीठ सॉस पितं आणि खाली चिकटतं. वर सॉस तिप्पट, भाज्यांचा डोंगर, त्यांना सुटलेलं पाणी. ताजं मोझरेला असेल तर त्याचंही पाणी. इतकं ओझं घेऊन तो थंड ट्रेवर ओव्हनमध्ये जातो.

घाई करायला लावून हे सुटत नाही. बेस आधी अर्धवट भाजून घ्या. बेकिंग पेपरवर थापलेल्या बेसला मुलांना काट्याने भरपूर टोचू द्या, म्हणजे तो फुग्यासारखा फुगणार नाही. मग 220 अंशांवर चार-पाच मिनिटं भाजा. रंग यायला नको, फक्त वरचा ओलेपणा जायला हवा. कोमट झाला की मुलांच्या हवाली. आता त्यांनी अर्धा तास घेतला तरी बिघडत नाही. सजवून झालं की पुन्हा सात-आठ मिनिटं.

डोंगर रोखायचा तो वाटीतच. प्रत्येकाच्या नावाची वाटी भरा: एका छोट्या पिझ्झ्याला दोन मोठे चमचे सॉस, मूठभर चीज, थोड्या भाज्या. वाटीतलं सगळं संपवायची मुभा द्या. "पुरे आता" म्हणायची वेळच येत नाही. मशरूम आधी परतून पाणी आटवा, टोमॅटोच्या बिया काढा, ताजं मोझरेला अर्धा तास कापडात निथळत ठेवा.

ओव्हन निदान वीस मिनिटं आधी, आत ट्रे ठेवूनच तापवा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, ट्रे नाही. खालून पांढरा आणि वरून करपलेला येत असेल तर ट्रे खालच्या खणात सरकवा. बेकिंग पेपर किती अंश सोसतो ते त्याच्या खोक्यावर पाहा. मेणकागद अजिबात चालत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचा पॅन घ्या. इथे लोक बेस उलटायला विसरतात. आधी एक बाजू भाजून उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर चीज वितळू द्या.

आकार न पाहता टॉपिंग घालणं

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खे चेरी टोमॅटो, अख्खे ऑलिव्ह आणि सॉसेजच्या गोल चकत्या घशात अडकू शकतात. उभे चार भाग करा. ओव्हनचं दार उघडणं हे मोठ्यांचंच काम, त्यात सवलत नाही. चीज बेसपेक्षा जास्त वेळ गरम राहतं आणि टाळूला चिकटून भाजतं, म्हणून बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा. मग कात्रीने कापा. सुरीपेक्षा सोपं पडतं आणि टॉपिंगही ओघळत नाही.

आणि मूल पाणी प्यायला गेल्यावर त्याने एका कोपऱ्यात रचलेले मक्याचे दाणे सारखे पसरवून ठेवू नका. मी ठेवले होते. ते त्याचं "घर" होतं, हे मला रडारड सुरू झाल्यावर कळलं.

उरलेल्या गोळ्यांना तेल लावून वेगवेगळे डबाबंद करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चालतात, आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवले की झालं. आणि भाजण्याआधी बेकिंग पेपरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने ज्याचं त्याचं नाव लिहा. चीज वितळल्यावर सगळे पिझ्झे सारखेच दिसतात, आणि तो कुणाचा यावरून होणारं भांडण पिझ्झा गार झाला तरी मिटत नाही.