१६० मीटरसाठी दोन खांबांचा रिसीव्ह ॲरे

१६० मीटरवर (हौशी रेडिओचा १.८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) पाठवण्याची ॲन्टेना मोठी असावी लागते, ऐकण्याची नाही. रात्री या पट्ट्यावर वातावरणाचा गोंगाट इतका असतो की ॲन्टेनाने सिग्नल १५-२० डीबी कमी दिला तरी गोंगाटही तितकाच उतरतो आणि दोघांमधले अंतर तसेच राहते. ते अंतर वाढते दिशेने. म्हणून इथे साडेसात मीटरच्या दोन उभ्या तारांची जोडी (ॲरे) वापरायची, तारांत मुद्दाम रेझिस्टर घालून ऱ्हास वाढवायचा आणि सगळी मेहनत एकाच गोष्टीवर खर्च करायची: दोन्ही तारा जुळ्यांसारख्या झाल्या पाहिजेत.

महाराष्ट्रातून दिशांची सोय मोठी छान आहे. पुण्याहून लंडन ३१९ अंशांवर, टोकियो ५९, सिडनी १२६, जोहान्सबर्ग २२६. म्हणजे वायव्य-आग्नेय अक्षावर दोन खांब रोवले की एका बाजूला युरोप आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया. न्यूयॉर्क ३३४ अंशांवर, तेही वायव्येच्या पट्ट्यातच येते. शिवाय डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे ऐन हंगामात, विजांचा कडकडाट इंडोनेशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियाकडून, थेट आग्नेयेकडून येतो. पहाटे युरोप ऐकताना ॲरेची पाठ नेमकी तिकडे असते. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाच्या आसपासच फरक आहे, तेव्हा साध्या होकायंत्राने आखणी करा.

जागा आणि सामान

खांबांमध्ये २० मीटर अंतर आणि प्रत्येक खांबाभोवती १० मीटर मोकळी जागा हवी. १६० मीटरची पाठवायची ॲन्टेना शक्यतो ८० मीटर दूर असावी. तेवढी जागा नसेल तर ऐकताना रिलेने ती डीट्यून करण्याची, म्हणजे अनुनादाबाहेर नेण्याची, सोय आधी करा. जवळची अनुनादी उभी ॲन्टेना सगळा गोंगाट पुन्हा उत्सर्जित करते आणि ॲरेचा नल (ज्या दिशेचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो ती खाच) बुजवते. मग लोक महिनाभर कोॲक्स (जाळीची केबल) कापत बसतात, दोष मात्र शेजारच्या टॉवरचा असतो.

एक चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरची ९० मीटरची तीन बंडले लागतील: रेडियलना (खांबाच्या बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरायच्या तारा) १६० मीटर, उभ्या तारांना १५ आणि वरच्या छत्रीला ४०. उरलेली दुरुस्तीला. खांब बांबूचे चालतात, फक्त जमिनीतला भाग डांबर लावून पीव्हीसी पाइपात घाला, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाळवी तो पोकळ करते. डिश टीव्हीची आरजी-६ केबल १०० मीटर, एकाच गुंडाळीतली. तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, डाग धरत नाही. कॉम्प्रेशनचे एफ कनेक्टर वापरा. आतली तार तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी असली तरी इथे बिघडत नाही. बीएन-७३-२०२ हे दोन भोकांचे फेराइट गाभे चार, १२ व्होल्टचा दोन पोलांचा, दोन बाजूंचा सीलबंद रिले एक, २० गेजची इनॅमल तार १५ मीटर, गाभ्यांवर गुंडाळायला २६ गेजची थोडी तार, ५० मिमी पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे, आणि मोजायला नॅनो व्हीएनए (वारंवारतेनुसार रोध आणि रिॲक्टन्स दाखवणारे छोटे यंत्र). व्हीएनएशिवाय हे काम हाती घेऊ नका.

खांब

साडेसात मीटरची तार बांबूवर सरळ वर न्या. टोकाला ५-५ मीटरच्या चार तारा जोडून छत्रीसारख्या ४५ अंशांत खाली ताणा आणि नायलॉनच्या दोरीने खुंट्यांना बांधा. या छत्रीने धारिता वाढते, त्यामुळे बुडाशी लागणारी कॉइल निम्म्यावर येते. छत्री एका खांबाची ढिली आणि दुसऱ्याची ताठ असेल तर अनुनाद तिथेच वेगळे होतात.

बुडाशी १० मीटरचे आठ रेडियल जमिनीवर पसरून यू-आकाराच्या खिळ्यांनी दाबा. २० मीटरच्या अंतरात ते एकमेकांवर चढत नाहीत, लांबी म्हणूनच तेवढी ठेवली आहे. काळ्या मातीच्या रानात आठाच्या खाली जाऊ नका. ती माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा अशी दोन टोकांना जाते, आणि रेडियल कमी असले की खांबाखालचा रोध ऋतूबरोबर हलतो. एक खांब मुरुमावर आणि दुसरा काळ्या मातीत अशी जागा तर टाळाच.

पीव्हीसीच्या तुकड्यावर २० गेजचे ४० वेढे लगटून घाला. ही साधारण ६० मायक्रोहेन्रीची कॉइल होते, गरजेपेक्षा जास्तच. उभ्या तारेच्या खाली कॉइल लावा, कॉइल आणि रेडियल यांच्यामध्ये व्हीएनए जोडा. व्हीएनए बॅटरीवर चालवा. लॅपटॉपची केबल लावली की ती स्वतःच एक रेडियल बनते. आता वेढे काढत जा. १.८३ मेगाहर्ट्झवर रिॲक्टन्स (कॉइल आणि धारिता यांचा विरोध) शून्य झाला की थांबा. बहुधा ३० ते ३५ वेढ्यांच्या दरम्यान येईल. शेवटचा बारीक फरक वेढे सैल-घट्ट करून साधा आणि मग वार्निश लावा.

त्या वारंवारतेला उरलेला रोध वाचा. समजा २२ ओहम आला, तर ५१ ओहमचा दोन वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर एकसर लावून ७३ करा. लक्ष्य ७५ आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही खांब एकमेकांशी दोन ओहमच्या आत आणि पाच किलोहर्ट्झच्या आत जुळायला हवेत. वायरवाउंड रेझिस्टर नको, तो स्वतःच कॉइल असतो.

रेझिस्टर घालून सिग्नल का जाळायचा? समजा, पावसाने एका खांबाचा अनुनाद १० किलोहर्ट्झ सरकला. कॉइलचा रिॲक्टन्स ५०० ओहमच्या आसपास आहे. फक्त २२ ओहम असतील तर क्यू (अनुनादाची तीक्ष्णता) २३ च्या घरात जातो आणि त्या सरकण्याने फेज १४ अंश चुकते. पाठीमागचा सिग्नल जेमतेम १५ डीबी दबतो. ७३ ओहमला क्यू ७ होतो, चूक साडेचार अंशांवर येते आणि नल २५ डीबी राहतो. गमावलेले डीबी ॲम्प्लिफायरने परत आणता येतात, गेलेला नल येत नाही.

ट्रान्सफॉर्मर आणि पेटी

प्रत्येक खांबाच्या बुडाशी एक बीएन-७३-२०२: पाच वेढे प्राथमिक, पाच वेढे दुय्यम, दोन्ही वेगळ्या तारांनी. दोन्ही भोकांतून एकदा गेली की एक वेढा. प्राथमिकचे एक टोक रेझिस्टरला, दुसरे रेडियलला, दुय्यम कोॲक्सला. कोॲक्सची जाळी रेडियलला जोडू नका. ही फारकत केली नाही तर केबलच्या बाहेरच्या अंगावरून घरचा सगळा कचरा खांबात उतरतो.

आग्नेयेच्या खांबावर दुय्यमची दोन टोके अदलाबदल करून लावा. झाली १८० अंशांची उलट, तीही कायमची आणि कोणत्याही वारंवारतेला. दिशा बदलताना ती हलवावी लागत नाही, हलते फक्त विलंबाची केबल. वेढ्यांची सुरुवात आधीच रंगाने खूण करून ठेवा. या ॲरेत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

दोन्ही खांबांपासून मधल्या पेटीपर्यंत प्रत्येकी १२ मीटर केबल. दहा सेंटिमीटरचा फरक पाव अंशाच्या आसपास जातो, त्यासाठी झोप घालवू नका.

विलंबाचा हिशोब असा. मागून येणारी लहर आधी मागच्या खांबाला भेटते, मग पुढच्या. मागच्याचा सिग्नल तेवढाच अडवून धरला आणि एक उलटा केला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आकाशातून येणारी लहर तिरकी असते, म्हणून नल ३० अंश उंचीवर धरू: २० मीटर गुणिले ०.८६६, म्हणजे १७.३ मीटर. केबलचा वेग-गुणांक ०.८२ असेल तर प्रत्यक्ष तुकडा १४.२ मीटर. पण छापील गुणांकावर विसंबू नका. पंधरा मीटर कापा, दूरचे टोक उघडे ठेवा आणि व्हीएनएवर रिॲक्टन्स पहिल्यांदा शून्य होतो ती वारंवारता पाहा. ती ४.३३ मेगाहर्ट्झ होईपर्यंत टोक कापत जा. केबल कोणतीही असो, हा आकडा बदलत नाही.

पेटीत रिलेचा एक पोल कम्बायनरच्या (दोन्ही सिग्नल एकत्र करणारा ट्रान्सफॉर्मर) पहिल्या तोंडाला थेट, दुसरा पोल विलंबाच्या केबलमधून दुसऱ्या तोंडाला. वीज नसताना वायव्येचा खांब थेट आणि आग्नेयेचा विलंबातून. १२ व्होल्ट दिले की उलट. थेट जोडलेला खांब ज्या बाजूला, तिकडे ॲरेचे तोंड. कम्बायनरसाठी तिसऱ्या गाभ्यावर दोन तारा एकत्र धरून पाच वेढे घाला. एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला की मधला बिंदू मिळतो. उरलेली दोन टोके ही दोन तोंडे, त्यांच्यामध्ये १५० ओहम. हा रेझिस्टर विसरलात तर एका खांबातली गडबड दुसऱ्यात शिरते. मधल्या बिंदूवर ३७.५ ओहम असतात. चौथ्या गाभ्यावर पाचास सात वेढे घेतले की ७५ होतात. पेटीतून निघणाऱ्या केबलला ३१ क्रमांकाच्या मोठ्या फेराइट कड्यावर पातळ ७५ ओहम कोॲक्सचे १० ते १२ वेढे द्या.

तपासणी

आधी एकेक खांब स्वतंत्र ऐका. दोघांवर एकच स्टेशन एक डीबीच्या आत सारखे यायला हवे. एक डीबीचा फरकच नल २२ डीबीवर आणतो. मग अक्षावर दोनशे मीटर मागे उभे राहून १.८३ वर सिग्नल सोडा आणि दुसऱ्याला रिले बदलायला सांगा. जमिनीलगतच्या लहरीला २० डीबीच्या आसपास फरक दिसला की काम झाले; नल उंच कोनावर धरला आहे, त्याहून फार जास्त अपेक्षा करू नका. पाच-सहा डीबीच दिसले तर आधी १८० अंशांची उलट तपासा, मग विलंब, मग छत्री. फरक उलटा आला तर रिलेच्या तारा बदलल्या आहेत.

दुपारी, पट्टा सर्वांत शांत असताना, ॲन्टेना काढून पाहा. रिसीव्हरचा गोंगाट ६ डीबी तरी उतरला पाहिजे. नाही उतरला तर १० ते २० डीबीचा प्रीॲम्प (रिसीव्हरआधीचा ॲम्प्लिफायर) पेटीनंतर लावा, उगाच आधी नको. मध्यम लहरींचे केंद्र जवळ असेल तर प्रीॲम्पच्या आधी हायपास फिल्टर (खालच्या वारंवारता अडवणारा) हवाच. पुण्याचे ७९२ आणि मुंबईचे १०४४ किलोहर्ट्झ यांची बेरीज १८३६ येते. तिथे मराठी गाणे ऐकू आले तर ते आकाशातून नाही, तुमच्या प्रीॲम्पमधून आले आहे.

शेतात दर सेकंदाला टक्-टक् ऐकू आली तर ती झटका कुंपणाची. गवत तारेला टेकून ठिणगी उडते, तेवढे काढले की बरेच भागते. सोलर पंपाचा कंट्रोलर फक्त उन्हात बोलतो, रात्री त्याचा त्रास नाही. घरातला मोबाइल चार्जर मात्र नलमध्ये बसत नाही, कारण तो केबलच्या अंगावरून येतो. तिथे फेराइटच कामाला येते.

पाठवताना रिसीव्ह ॲन्टेना रिलेने तोडा. १०० वॅटवरही प्रीॲम्प जातो, आणि बुडाशी बसलेला रेझिस्टर हळूहळू भाजून ५१ चा ७० होतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरात दोन्ही खांबांचा रोध आणि अनुनाद पुन्हा मोजा. उंदरांनी कुरतडलेला रेडियलही त्याच मोजणीत सापडतो.

पुढे चार खांब करायचे असतील तर २० मीटर बाजूचा चौरस आखा, बाजू उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. कर्ण आपोआप युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेकडे लागतात. पुढचा खांब थेट, मधले दोन उलटे आणि एक विलंब, मागचा सरळ आणि दोन विलंब. एका विलंबाची लांबी, वेग-गुणांक धरण्याआधी, १२.२५ मीटर, व्हीएनएवर ६.१२ मेगाहर्ट्झ. मधले दोघे मिळून दुप्पट वजन देतात, त्यामुळे १:२:१ चे प्रमाण फुकट मिळते. एकट्या उभ्या तारेची आरडीएफ (हव्या दिशेचा सिग्नल सगळ्या दिशांच्या सरासरीपेक्षा किती वर राहतो ते माप) पाच डीबीच्या आसपास, या जोडीची साधारण साडेसात, चौघांची अकराच्या जवळपास. मात्र तिथे उलट कोणत्या खांबाला हे दिशेबरोबर बदलते, म्हणून उलटणारा ट्रान्सफॉर्मर खांबाखाली न ठेवता पेटीत आणावा लागतो.