विद्यापीठाच्या मासिकात लेखन-इंटर्न आहात? या चुका टाळा

मासिकाच्या कामाला येणारी मुलं शुद्धलेखनाची धास्ती घेऊन येतात. खरं तर ऱ्हस्व-दीर्घ संपादकाच्या टेबलावर दुरुस्त होतं. दुरुस्त होत नाही ती कार्यक्रमाला जाऊनही वहीत न उतरलेली माहिती. मग रात्री अकराला फोनाफोनी सुरू होते: पाहुण्यांचं पूर्ण नाव काय, ते नेमकं काय बोलले, प्रश्न कुणी विचारला? नव्या शैक्षणिक धोरणामुळे ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमातच आलं आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांतून अशी मुलं आता जास्त येऊ लागली. चुका मात्र त्याच त्या.

वृत्तांताची सुरुवात दीपप्रज्वलनाने

समजा, नेरूळच्या एका कॉलेजात खाडीतल्या फ्लेमिंगोंवर व्याख्यान झालं. कॉपी, म्हणजे छापायला दिलेला मजकूर, येते ती अशी: ‘महाविद्यालयाच्या सभागृहात मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून कार्यक्रमाचा शुभारंभ करण्यात आला. प्रमुख पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले.’ मोलाचं म्हणजे काय? दिवा तर प्रत्येक कार्यक्रमात लागतो. हीच कॉपी कार्यक्रमाला न जाता, नुसती निमंत्रणपत्रिका समोर ठेवूनही लिहिता आली असती. आणि बऱ्याचदा तशीच लिहिलेली असते, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

तोच वृत्तांत असा सुरू करून बघा: ‘नेरूळच्या डीपीएस तळ्यावर फ्लेमिंगो उतरतात, पण हे तळं अभयारण्याच्या हद्दीत नाही, हे कळल्यावर मागच्या बाकांवरून पहिला प्रश्न आला.’ आता वाचणारा पुढे जाईल. दिवा, स्वागतगीत, आभार हे सगळं शेवटच्या एका ओळीत बसतं. आयोजक शिक्षक नाराज होतील, ते संपादकाला बघू द्या.

याच विषयात आणखी एक घोळ हमखास होतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा २०२२ मध्ये मिळाला. वक्ते दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि कॉपीत ‘२०२२ मध्ये अभयारण्य घोषित’ असं येतं. ऐकलेलं प्रत्येक साल आणि प्रत्येक आकडा नंतर पडताळायचाच. वक्ताच चुकला असेल तर छापण्याआधी त्याला फोन करून विचारावं. कुणी रागावत नाही.

नावं

यात माफी नाही. इंग्रजी यादीतून नावं देवनागरीत आणताना Kale चं ‘काले’ होतं आणि काळे सर वर्षभर लक्षात ठेवतात. Salvi चं ‘सल्वी’ आणि Dalvi चं ‘दल्वी’ झालेलंही येतं. गावांचंही तेच: घणसोली लिहायचं तिथे ‘घनसोली’, रबाळेच्या जागी ‘रबाले’. बाळकुमला आहे तो मुंबई विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर; ‘ठाणे विद्यापीठ’ नावाचं काही नाही. सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक ही दोन वेगळी पदं आहेत, त्यात एका बढतीचं अंतर असतं. उपाय एकच. समोरच्याच्या हाती वही द्यायची आणि म्हणायचं, ‘सर, तुमचं नाव आणि पद मराठीत लिहून देता?’

कॅन्टीनच्या मावशींना बोलताना मावशीच म्हणा, पण छापताना त्यांचं नाव-आडनाव द्या. प्राचार्यांच्या नावामागे पदव्यांची रांग आणि त्या मात्र नुसत्या ‘कॅन्टीनच्या मावशी’, हे मासिकाला शोभत नाही.

‘आजच्या धावपळीच्या युगात’

या शब्दांनी सुरू होणारा लेख मी पुढे वाचत नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या लेखांमुळे अशा ओळींना ऊत आलाय. इंग्रजी प्रेस नोट भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली की ‘द्वारे आयोजित केले गेलेले’ अशी वाक्यं बाहेर पडतात. लेख मोठ्याने वाचा. ज्या वाक्यावर जीभ अडखळते ते घरी आईला सांगितलं असतंत तसं लिहा. ठाण्यावरच्या लेखाची सुरुवात १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे रेल्वेने करू नका, एवढीही विनंती. ती सगळ्यांना पाठ आहे. विषय सुचत नसेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ पासूनची संस्था आहे, जुने अंक चाळताना दोन-तीन विषय सहज हाती लागतात.

मुलाखत

रेकॉर्डर लावण्याआधी विचारायचं. फोनवर विसंबून वही घरी ठेवायची नाही. ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावर घेतलेली मुलाखत ऐकायला बसलात की उद्घोषणा तेवढी स्पष्ट ऐकू येते. ‘तुमच्या यशाचं रहस्य काय?’ हा प्रश्न विचारलात तर उत्तरही तसंच मिळेल. ‘पहिल्या सेमिस्टरला नापास झालात तेव्हा घरी काय म्हणाले?’ असं विचारा, म्हणजे माणूस बोलता होतो. हिंदी-इंग्रजी मिसळून बोललेलं मराठीत आणताना अर्थ हलू देऊ नका, आणि अवतरणचिन्हात स्वतःचं वाक्य घालू नका. होस्टेल, मेस, फी असला तक्रारीचा विषय असेल तर दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय कॉपी देऊ नये.

फायली, फॉन्ट, फोटो

जुन्या अंकातला मजकूर श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तो वर्डमध्ये चिकटवला की भलतीच चिन्हं दिसतात आणि इंटर्न घाबरून सगळं पुन्हा टाइप करत बसतो. डीटीपी करणाऱ्याकडून तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, नंतर रफार आणि ऱ्या-ऱ्हा तेवढे डोळ्यांत तेल घालून तपासा. घोटाळा बहुधा तिथेच असतो. फाइलच्या नावात विषय, तुमचं नाव आणि तारीख असू द्या. ‘फायनल-फायनल-२’ कुणालाच सापडत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके लागतात, म्हणजे १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो जेमतेम ४ इंच भरतो. गुगलवरून उचललेला फोटो चालत नाही, खाली ‘साभार’ लिहिलं तरीही. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून, तिथल्या तिथे लिहून घ्या.

शब्दमर्यादा ६०० सांगितली तर ९०० का चालत नाहीत? मध्ये पिन मारलेल्या अंकाची पानं ४ च्या पटीत वाढतात. तुमच्यासाठी अर्धं पान जास्तीचं घालता येत नाही. आणि लेख वेळेत होणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा. मुदतीच्या रात्री फोन बंद करून बसणारा इंटर्न पुढच्या अंकात नसतो.

प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागणे

तोवर संपादक सुट्टीवर आणि सही करणारे परीक्षेच्या कामात. पहिल्याच आठवड्यात ईमेलवर विचारून घ्या: किती तास भरायचे, लेखावर तुमचं नाव येणार का, मानधन आहे का, प्रमाणपत्रावर सही कुणाची. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात, म्हणजे ४ क्रेडिटला १२० झाले. केलेल्या कामाचे तास रोजच्या रोज लिहून दर आठवड्याला सही घ्या. अंक आला की तुमच्या पानाची पीडीएफ त्याच दिवशी मागून ठेवा, पुढे संगणक बदलला की जुन्या फायली कुणी शोधून देत नाही.