पाहुण्यांसाठी चिकन ब्रेस्ट, आतून मऊच राहायला हवं

बोनलेस ब्रेस्टमधे चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे जरा जास्त शिजलं की चिवट झालंच समजा, लेग पीसचं तसं नाही, तो चालून जातो. म्हणून आधी पीस प्लास्टिकखाली ठेवून लाटण्याने ठोका, सगळीकडे साधारण दीड सेंमी जाडी आली पाहिजे. मग अर्धा लिटर पाण्यात २ टेबलस्पून मीठ विरघळवून त्यात अर्धा तास फ्रीजमधे ठेवा, ही स्टेप प्लीज गाळू नका, सगळा रसदारपणा यातच आहे! नंतर टिश्यूने अगदी कोरडं करा, ओलं राहिलं तर पॅनमधे पाणी सुटतं आणि तो सोनेरी रंग येतच नाही. वरून फक्त मिरपूड, मीठ परत नको.

जाड बुडाच्या पॅनमधे तेल चांगलं तापवून एक बाजू ४-५ मिनिटं न हलवता भाजा, उलटून अजून ३-४ मिनिटं. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस बघा. काढून ५ मिनिटं तसंच ठेवा, लगेच कापलं की रस ताटात जातो.

तोवर त्याच पॅनमधे बटर, ठेचलेला लसूण आणि फ्रेश क्रीम घालून खालची खरवड सोडवून घ्या, वरून लिंबू पिळा, झाला सॉस.