संथ चित्रपटावर वाद कसा घालावा

‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ पाहून उठलेल्या माणसांत हमखास दोन तट पडतात. एका तटाला तो हुरहुर लावणारा वाटतो आणि दुसऱ्याला वाटते की दोन सुखवस्तू अमेरिकन माणसांना टोकियोच्या महागड्या हॉटेलात आलेला कंटाळा दिग्दर्शिकेने आपल्या माथी मारला आहे. सोफिया कोपोला यांचा हा चित्रपट २००३ साली आला, तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि बहुतेक वेळा तो ‘तुला कळलाच नाही’ आणि ‘कळण्यासारखे त्यात आहेच काय’ या दोन वाक्यांवर येऊन अडतो. तो तिथे अडू नये, एवढ्यासाठी काय करावे, हे या लेखात सांगायचे आहे. मी स्वतः पहिल्या खेपेला दुसऱ्या तटात होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

तयारी चित्रपट सुरू होण्याआधीच करावी लागते. जमलेल्या मंडळींना पुरस्कारांची यादी वाचून दाखवू नये. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट स्वतंत्र पटकथेचे ऑस्कर मिळाले आहे, आणि ते कानावर पडलेला प्रेक्षक साहजिकच कथानकाची वाट पाहत बसतो. ते काही केल्या येत नाही, मग तासाभरातच त्याची चुळबुळ सुरू होते आणि पुढचे सगळे तो चिडूनच पाहतो. आधी सांगायचे तर एवढेच सांगावे की उतरत्या काळातला एक अमेरिकन नट व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोला आला आहे, नुकतीच पदवी घेतलेली शार्लट नावाची एक तरुणी छायाचित्रकार नवऱ्याबरोबर त्याच हॉटेलात उतरली आहे, आणि दोघांनाही झोप येत नाही. अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि टोकियो यांच्या घड्याळांत ऋतूप्रमाणे १६ किंवा १७ तासांचा फरक असतो. दिवसाची रात्र झालेल्या माणसाला वेळ कसा चिकट वाटतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या चित्रपटाच्या गतीचे अर्धे कारण सांगावे लागत नाही.

दुसरी तयारी उपशीर्षकांची. चित्रपटातले जपानी संवाद मुद्दामच भाषांतराविना ठेवलेले आहेत, त्यामुळे उपशीर्षकांच्या ज्या प्रतीत कोणी हौसेने त्यांचा अर्थ घातला असेल, ती प्रत पहिल्या खेपेला टाळावी. जाहिरातीच्या चित्रीकरणाचे दृश्य पाहिले की याचे कारण ध्यानात येते. बिल मरे यांचा बॉब हॅरिस डिनर जॅकेट घालून, हातात ग्लास धरून खुर्चीत बसला आहे. जपानी दिग्दर्शक हातवारे करत, तावातावाने, बराच वेळ काही सांगतो. दुभाषी बाई त्याचे भाषांतर एका ओळीत उरकते: त्यांना तुम्ही वळून कॅमेऱ्याकडे पाहायला हवे आहे. एवढेच म्हणाले का ते, असे बॉब विचारतो. उजवीकडून वळू की डावीकडून, हा त्याचा साधा प्रश्न ती मात्र लांबलचक जपानीत विचारते, त्यावर दिग्दर्शक पुन्हा भडाभडा बोलतो आणि बॉबच्या पदरात पडते ते इतकेच, की उजवीकडून, आणि जरा उत्कटतेने.

प्रत्यक्षात तो दिग्दर्शक सांगत असतो की तुम्ही तुमच्या अभ्यासिकेत शांत बसला आहात, टेबलावर सनटोरी व्हिस्कीची बाटली आहे, अगदी मनापासून, सावकाश, जुने मित्र भेटावेत तसे मायेने कॅमेऱ्याकडे पाहा आणि ‘कासाब्लांका’ या जुन्या हॉलिवूडपटातल्या नट बोगार्टसारखे ते वाक्य म्हणा. म्हणजे जपानी जाणणाऱ्याला या दृश्यात आपल्या कामावर जीव असलेला, थोडा नाटकी पण नेमके काय हवे ते ठाऊक असलेला माणूस दिसतो. बाकीच्यांना नुसता आरडाओरडा ऐकू येतो. हा अर्थ मंडळींना चर्चेत सांगावा, चित्रपटाआधी नव्हे. तो कळल्यावर बरेच जण थोडे खजील होऊन आपले आधीचे हसू तपासून पाहतात, आणि वाद खरा तिथून सुरू होतो.

चित्रपट संपल्यावर लगेच मत विचारू नये. १०२ मिनिटे गप्प बसलेल्या माणसाकडून पहिल्या मिनिटात निकाल मागितला, की तो दिलेल्या निकालाला उरलेली रात्र चिकटून राहतो. त्याऐवजी पहिली फेरी फक्त आठवणींची ठेवावी. प्रत्येकाने आपल्याला आठवते ते एक दृश्य सांगायचे, आवडले की नाही ते सांगायचे नाही. जो ‘यात काहीच घडत नाही’ असे म्हणणार असतो, तोच पुष्कळदा एखादे दृश्य बारकाव्यांसह सांगतो, आणि पुढे त्याचेच शब्द त्याला प्रेमाने परत करता येतात.

त्यानंतर ‘संथ’ या शब्दाची फोड करावी, कारण एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कथानक पुढे सरकत नाही, ही एक. एकेक शॉट फार वेळ टिकतो, ही दुसरी. आणि पडद्यावरच्या माणसांना जे वाटते ते माझ्यापर्यंत पोहोचत नाही, ही तिसरी. पहिली तक्रार खरी आहे आणि ती सरळ मान्य करून टाकावी. दुसरी तपासून घ्यावी. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. तिथे कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर असतो आणि जवळपास हलतच नाही. कोपोला यांचा कॅमेरा पुष्कळदा खांद्यावर आहे, तो टोकियोतल्या शिबुयाच्या गर्दीत शार्लटच्या मागे फिरतो, कराओकेच्या खोलीत अंग चोरून बसतो. चित्रीकरण अवघ्या २७ दिवसांत, सुमारे ४० लाख डॉलर खर्चात झाले, आणि छायालेखक लान्स अकॉर्ड यांनी शक्य तिथे उपलब्ध उजेडावरच काम भागवले. अशा घाईत टिपलेला चित्रपट रेंगाळतो असे वाटत असेल, तर त्याचे कारण शॉटच्या लांबीत कमी आणि पात्रांच्या रिकाम्या वेळात जास्त शोधावे लागेल.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची, आणि ती ‘तुला संवेदनाच नाही’ असे म्हणून उडवून लावणे हा शुद्ध उर्मटपणा आहे. तिच्यासाठी एकच दृश्य पुन्हा लावावे. शार्लट एकटीच एका देवस्थानात जाऊन आली आहे. खोलीत परतल्यावर ती मैत्रिणीला फोन लावते आणि सांगते की तिथे भिक्षू मंत्र म्हणत होते आणि मला काहीच वाटले नाही. तिचा आवाज भरून येतो. पलीकडची मैत्रीण नेमकी त्याच क्षणी ‘एक मिनिट थांब’ म्हणते, परत येते, काय म्हणत होतीस असे विचारते, आणि शार्लट ‘काही नाही’ म्हणून बोलणे आवरते. हे सगळे मिनिटभरात होते. बॉबचेही तसेच. बायको अमेरिकेतून गालिच्याचे नमुने पाठवते आणि फोनवर रंग विचारते, आणि त्या ढिगाऱ्यात तिला कोणता रंग अभिप्रेत आहे हे त्याला कळतच नाही. या चित्रपटातल्या घटना अशा आहेत: कोणीतरी काही सांगू पाहते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष नसते. एवढे दाखवूनही समोरच्याला काही वाटले नाही, तर त्याचे मत जसेच्या तसे स्वीकारावे. त्याने पाहिले आहे आणि त्याला ते पुरेसे वाटलेले नाही.

आता जपानच्या चित्रणाचा मुद्दा. हा वेगळा वाद आहे आणि तो गतीच्या वादात मिसळू देऊ नये, कारण चित्रपट सुंदर संथ असूनही यजमानांवर अन्याय करणारा असू शकतो. २००४ साली ऑस्करच्या आधी अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या एका गटाने या चित्रपटाला मते देऊ नयेत अशी मोहीमही चालवली होती. आक्षेप असा, की जपानी माणसे इथे बुटकी, ‘र’ आणि ‘ल’ यांत गोंधळणारी आणि विनाकारण वाकणारी एवढीच आहेत. जपानी भाषेत या दोहोंऐवजी एकच ध्वनी आहे, तेव्हा गोंधळ खरा आहे. त्यावर पुन्हा पुन्हा विनोद करावा का, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते बॉबच्या हॉटेलच्या खोलीत पाठवलेल्या बाईचे दृश्य तर निव्वळ स्वस्त आहे आणि कोणी त्याची बाजू घेऊ नये.

पण आक्षेप घेणाऱ्यालाही प्रत्येक वेळी दृश्यावर बोट ठेवायला लावावे आणि ‘इथे हसू कोणावर आहे’ असे विचारावे. दूरचित्रवाणीवरचा भडक कपड्यांतला निवेदक पाहून बहुतेकांना वाटते की हे परदेशी लेखणीतून उतरलेले जपानचे विडंबन आहे. तो कार्यक्रम मात्र जपानी वाहिनीवर खरोखरच चालत होता, आणि मॅथ्यू मिनामी हे निवेदकाचे पात्र ताकाशी फुजिई या जपानी विनोदी कलावंताने तिथे आधीपासूनच रंगवलेले होते. शाबू-शाबूच्या उपाहारगृहातले दृश्यही असेच दुहेरी आहे. मांस आपणच उकळत्या पाण्यात शिजवून खायचे, यावर बॉब बाहेर पडताना कुरकुरतो. ती कुरकुर जेवणावर नाहीच. आदली रात्र त्याने हॉटेलातल्या गायिकेबरोबर घालवली हे शार्लटला कळले आहे, दोघेही घुम्यासारखे जेवले आहेत आणि बोलायला दुसरा विषय उरलेला नाही. उलट लिफ्टमध्ये सगळ्यांपेक्षा हातभर उंच दिसणारा बॉब घेतला, तर हसू त्याच्यावर की भोवतालच्यांवर, यावर प्रामाणिक मतभेद होतात आणि ते होऊ द्यावेत.

वयाचा विषय कोणीतरी काढतेच. चित्रीकरण झाले त्या २००२ सालच्या शरदात मरे ५२ वर्षांचे आणि शार्लटची भूमिका करणाऱ्या स्कार्लेट जोहान्सन १७ वर्षांच्या होत्या. आकडे सांगून टाकावेत, लपवू नयेत. मग पलंगावर कपड्यांनिशी शेजारी पडून दोघे बोलतात ते दृश्य काढावे, ज्यात लग्न पुढे सोपे होते का असे ती विचारते आणि शेवटी तो फक्त तिच्या पावलावर हात ठेवतो. तो हात कोणाला आधार वाटतो, कोणाला नको तितका जवळ. दोघांनाही बोलू द्यावे आणि पुढे जावे.

शेवटची कुजबुज अखेरीला ठेवावी. गर्दीच्या रस्त्यावर बॉब शार्लटच्या कानात काहीतरी सांगतो आणि ते आपल्याला ऐकू येत नाही. तिथे कोणीतरी मोबाइल काढून ‘स्वच्छ केलेला’ आवाज ऐकवायला निघेल, त्याला नम्रपणे थांबवावे. पटकथेत ते वाक्य नव्हतेच, तेव्हा त्या शोधात पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा सुरुवातीचा आणि शेवटचा मोटारीचा प्रवास लागोपाठ लावावा. पहिल्यात रात्र आहे, निऑनच्या पाट्या आहेत, आणि अर्धवट झोपेतल्या बॉबला फलकावर स्वतःचाच चेहरा दिसतो. दुसऱ्यात दिवस आहे, तेच शहर काचेबाहेरून मागे जाते आहे आणि फलकांकडे त्याचे लक्ष नाही. दोन्ही तुकड्यांत ‘काहीच घडत नाही’. यांतला कोणता जास्त संथ वाटला, एवढे प्रत्येकाला विचारावे आणि मगच दिवे लावावेत.